तेरावा माळा

शेवटचा स्लॅब झाला आणि मी मायला फोन केला. म्हटलं, "माय, झालं बाई एकदाचं! वाट गूळ-फुटाणे." तर ती पलीकडून अगदी थंडपणे म्हणाली, "नाही झालं. अजून एक राह्यला. एकुणसाठच झाले."

मी त्या वेळी मुंबईतल्या साठ मजली इमारतीच्या डोक्यावर उभी होते. पायात गमबूट, गुडघ्यापर्यंत उडालेलं सिमेंटचं पाणी, डोक्यावर हेल्मेट, आणि खाली अख्खं शहर पत्त्याच्या डावासारखं पसरलेलं. इतक्या वर खालचा एकही वास येत नाही. भजी नाही, डिझेल नाही, खाडी नाही. फक्त ओल्या काँक्रीटचा वास येतो, आणि तो आमच्या गावी, चिखलीत येतो तसाच येतो, त्यात तसूभर फरक नाही. पंपवाले पाइप सोडत होते, पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, कोणीतरी पेढ्याचा बॉक्स घेऊन आलं होतं, आणि मला असं वाटत होतं की आत्ता या क्षणी माझ्याइतकी खूश बाई या शहरात दुसरी नसेल. आणि ही म्हणते एक राह्यला. मला आधी रागच आला. म्हटलं, "माय, इंजिनिअर तू आहेस का मी?" ती म्हणाली, "तूच हायेस. म्हनून त तुले विचारून राह्यली. माह्या दारावर एकुणसाठ रेघा हायेत. तू म्हनतेस साठ माळे झाले. मंग एक स्लॅब गेला कुठी?"

आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी गोड वाटतात. घर कोणाचंही असो, माल टाकून झाला की मालकानं मजुरांना गोड जेवू घालायचं आणि गल्लीला निदान गूळ-फुटाणे तरी द्यायचे. माझ्या मायनं, भिमाबाईनं, तीस वर्षं चिखलीत रेजा म्हणून काम केलं. म्हणजे डोक्यावर घमेली वाहिली. धान्यबाजाराच्या मागं आमची गल्ली आहे, तिथल्या निम्म्या घरांच्या डोक्यावर तिच्या डोक्यावरून गेलेला माल आहे. तर दोन वर्षांपूर्वी मी या कामावर लागले आणि पहिला स्लॅब झाल्यावर सहज तिला फोनवर सांगितलं. संध्याकाळी तानुबाईचा फोन. तानुबाई म्हणजे आमच्या शेजारीण, गावाबाहेर त्यांचा वांग्या-मेथीचा मळा आहे. म्हणाल्या, "रेणू, तुह्या मायनं गल्लीभर गूळ वाटला वं. तुह्यं लगन जमलं काय?" मी पोट धरून हसले. वाटलं, एकदाचं झालं, हौस फिटली. पण आठ-दहा दिवसांनी दुसरा स्लॅब, पुन्हा गूळ. तिसरा, पुन्हा गूळ. मी किती सांगितलं, माय, हे घर आपलं नाही, मालक कोणी वेगळेच आहेत, त्यांना चिखली नकाशात दाखवली तरी सापडणार नाही. तिचं एकच, "मालक कोनी बी असो. स्लॅब माह्या पोरीनं टाकला." विसाव्या माळ्यापर्यंत गल्लीतली पोट्टीसोट्टी स्लॅबची वाट बघायला लागली. तिसाव्याला तानुबाई म्हणाल्या, "भिमाबाई, तुह्या पोरीची बिल्डिंग रबराची हाये काय? वाढूनच राह्यली."

मायला ती इमारत समजावून सांगताना माझीच दमछाक व्हायची. म्हटलं, खाली दुकानं, सिनेमा, खायची ठिकाणं. त्याच्यावर ऑफिसं. त्याच्यावर मोठं हॉटेल. आणि सगळ्यात वर लोकांची घरं. तिनं थोडा विचार केला. "म्हंजे आठवडी बाजार, त्याच्यावर तहसील, त्याच्यावर लॉज, आन् त्याच्यावर आपली गल्ली. सगळं एकावर एक रचलं." मी म्हटलं, हाव, अगदी तसंच. मग तिनं विचारलं, गल्लीतल्या बाया भांडायला कुठं बसतात? मी म्हटलं, भांडत नाहीत, ओळखच नसते एकमेकींची. ती चाट पडली. "ओळख नाही त मंग घरं जवळ जवळ कशाले बांधता, बाप्पा?" याचं उत्तर मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. अजूनही मी कधी कधी सामानाच्या लिफ्टमधून वर जाताना त्या मोकळ्या चौकटींकडं बघते आणि मनातल्या मनात एकेका मजल्यावर आमची गल्ली बसवते. सत्तेचाळीसला तानुबाई, अठ्ठेचाळीसला आमचं घर, मध्ये वाळत घातलेल्या कुरडया. मजा येते.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि त्या दिवशी त्या ओल्या स्लॅबवर उभं राहून मला तीच खुपत होती. आमच्या स्वतःच्या घरावर स्लॅब नाही. टिनं आहेत. बाबा मिस्त्री होते, पुंजाजी मिस्त्री. त्यांनी भिंती बांधल्या, कॉलम उभे केले, सळया वर सोडल्या, आणि मग लोकांच्या कामातून सवड मिळेना. त्यांचा नेम होता, हातातलं काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि हातात सदा कोणाचं तरी काम असायचंच. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली. सळया अजून तशाच आभाळाकडं बघतायत. मायनं त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्यात, गंजू नयेत म्हणून. दोन वर्षांपासून मी तिच्या मागं लागलेय, माय, आपला स्लॅब टाकू, मी सगळं करते, तू फक्त हो म्हण. तर तिनं बाबांचाच नेम पुढं केला. "आधी त्या लोकाईचं पुरं कर. तुह्यावर साठ माळे हायेत. साठ झाले की एकसष्टावा आपला." ठीक. मी दोन वर्षं एकेक स्लॅब मोजत वर चढले, लोकांना वाटायचं ही बाई कंपनीसाठी जीव टाकते. कसलं काय! मला माझ्या घरावरची टिनं काढायची होती. त्या दिवशी तो आकडा संपला असं मला वाटलं, आणि ही बया म्हणते, एक राह्यला.

"तानुबाई म्हन्ते, ठेकेदारानं खाल्ला आसन," माय म्हणाली. मी म्हटलं, "अख्खा माळा कोणी खातं का माय?" "काऊन नाही खात? रस्ते खातात, हिरी खातात. माळा काय जड हाये?" मला हसू फुटलं, पण ती हसत नव्हती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रेणू, खरं सांग. तू सही केली काय त्याच्यावर?"

मी "मग बोलते" म्हणून फोन ठेवला. हातातला पेढा तसाच राहिला.

खाली जायची लिफ्ट म्हणजे बाहेरून लटकलेला जाळीचा पिंजरा. प्रत्येक मजल्याच्या कडेला लाल रंगात आकडा लिहिलेला असतो, आणि उतरताना ते आकडे डोळ्यांसमोरून वर जातात. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. हजार वेळा पाहिलेले. पण त्या दिवशी मी चौदाची वाट बघत उभी होते. पंधरा. चौदा. बारा. झालं. चौदाच्या खाली बारा. डोळ्यांदेखत. दीड वर्षापूर्वीची ती मीटिंग मला जशीच्या तशी आठवली, थंडगार खोली, काचेचं टेबल, आणि विक्री विभागातला एक जण म्हणाला, तेरा नंबर नको, तेरावर कोणी घर घेत नाही. शिवाय साठ म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. सगळ्यांनी माना हलवल्या. सरकारी मंजुरीच्या नकाशात एकोणसाठच आहेत, त्यात चोरी काहीच नव्हती. फक्त कामाच्या नकाशावर बाराच्या पुढं चौदा लिहायचं आणि सही करायची. पेन माझ्या हातात होतं. ज्या घरात मांजर आडवं गेलं म्हणून कोणी पाऊल मागं घेतलं नाही, ज्या घरात लिंबू-मिरची फक्त जेवणात दिसली, त्या घरातली मी, रोज सकाळी पंचशील म्हणून मोठी झालेली. बोलावंसं फार वाटलं. पण पुण्यात कॉलेजला असताना माझ्या तोंडून एकदा भर वर्गात 'मले' निघालं होतं आणि पोरं जी हसली होती, ते हसणं अजून माझ्या कानात कुठंतरी बसलेलं आहे. मनात आलं, मले काय करायचं? आणि सही केली. मान खाली घालून. एवढंच.

आणि त्या पिंजऱ्यातच मला माय दिसली, तीस वर्षांपूर्वीची. धामणगाव बढ्याकडं एका गावात शाळाखोलीचा स्लॅब होता, मी चारेक वर्षांची, वाळूच्या ढिगावर बसलेली. बायांची साखळी लागलेली, घमेलं या हातातून त्या हातात. मायनं एक घमेलं घेतलं, त्यातल्या मालात बोटं घातली, चोळली, आणि घमेलं खाली ठेवलं. "ह्यात सिमेट नाही. नुसती रेती हाये. लेकरं बसतीन याच्याखाली." ठेकेदार आधी हसला, मग ओरडला. माय ओरडली नाही. ती नुसती उभी राहिली. आणि साखळीतली एक बाई थांबली की साखळी थांबते. तो दुपारपर्यंत तणतणला आणि शेवटी सिमेंटच्या गोण्या आल्या. मायला नंतर दोन महिने त्यानं कामाला बोलावलं नाही. मला त्यातलं काय आठवतं, तर परत येताना जीपमध्ये ती गाणं गुणगुणत होती. इतकी मजेत मी तिला क्वचितच पाहिलं.

खाली उतरले ती सरळ स्टोअरमध्ये गेले. आमचा स्टोअरकीपर हरिओम चहा पीत होता. मजल्यांच्या पाट्या बनवणाऱ्यानं सवयीनं एक ते साठ असा पुरा संच बनवून पाठवला होता. चकचकीत स्टीलच्या, वीतभर उंच. त्यातली तेरा नंबरची पाटी उरली आणि हरिओमनं तिचा चहाचे ग्लास ठेवायला ट्रे केला होता. मी म्हटलं, "हरिओम, ही पाटी मला पाहिजे." तो म्हणाला, "मॅडम, मग मी ग्लास कशावर ठेवू?" मी त्याला माझा डबा दिला. साइटच्या साहेबांना विचारलं, ते हसून म्हणाले, न्या की, त्या भंगाराचं काय करायचं? तरी मी गेटपास करायला लावला. हरिओमनं सुंदर अक्षरात लिहिलं, 'पाटी क्रमांक तेरा, नग एक, निरुपयोगी.' आणि मी रजा टाकली.

चिखलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बाजार समितीकडं सोयाबीनचे ट्रॅक्टर चाललेले, सगळीकडं ती कोरडी, गोडसर धूळ. मला त्या धुळीनंच बरं वाटतं. दारात माय उभी. गळ्यात पडणं वगैरे आमच्यात नाही. तिनं पिशवी घेतली, पाणी दिलं, चहा ठेवला, आणि दार लोटून त्याची मागची बाजू दाखवली. खडूच्या रेघा. पाच-पाचाचे गठ्ठे. अकरा गठ्ठे आणि वर चार. मी दोनदा मोजल्या, उगीचच. तेवढ्यात तानुबाई आल्याच, हातात वांग्यांची टोपली, डोळ्यांत नुसती चौकशी. "काय वं रेणू, सापडला काय तुमचा माळा?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. की माळा कोणी खाल्ला नाही. बाराच्या वर जो आहे त्यालाच ते चौदा म्हणतात. तेरा आकड्याला लोक भितात म्हणून. त्यामुळं साठ म्हणतात पण आहेत एकोणसाठ. तानुबाईंनी डोळे मोठे केले आणि मग अशा हसल्या की टोपलीतली दोन वांगी खाली पडली. "अवो माय! एवढी शिकेल मानसं, एवढ्या वरते राह्यतात, आन् आकड्याले भेतात?" माय मात्र हसली नाही. तिनं मला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

मी म्हटलं, "सगळे मोठे लोक होते, माय. मले वाटलं, मलेच हसतीन." आणि चौतीस वर्षांची घोडी मी, स्वयंपाकघरात उभी राहून रडायला लागले. ती शाळाखोली, ते खाली ठेवलेलं घमेलं, सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि मला तिच्याकडं बघवेना. मायनं गॅस बारीक केला. जवळ आली. पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "हसतीन त हसतीन. हसल्यानं काय अंगाले भोकं पडतात? पुढच्या वेळी बोलजो." मी मान हलवली. मग ती हात कमरेवर ठेवून उभी राहिली, हिशेबाला बसलेल्या सरपंचासारखी. "म्हंजे चोरी नाही केली तू."

"नाही."

"मंग आता आयक. साठ म्हनलं त साठ झाले पायजेत. एक स्लॅब राह्यला ना तुह्या हातून? तो इथी टाक." आणि तिनं बोट वर केलं, टिनांकडं.

मला क्षणभर कळलंच नाही. दोन वर्षं मी जे मागत होते ते ती मलाच हुकूम म्हणून सुनावत होती. मी रडता रडता हसायला लागले. पिशवीतून पाटी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती उन्हात धरली. भिंतीवर उजेडाचा तुकडा नाचला. "चोरून त नाही ना आनली?" मी गेटपास दाखवला, वाचून दाखवला. 'निरुपयोगी' शब्दाला तिनं नाक मुरडलं. "त्याईले नको ना तेरा? मंग आपल्याले पायजे. साठावा स्लॅब बी आपला आन् तेरा नाव बी आपलं." तानुबाईंनी जरा चुळबुळ केली. "पन भिमाबाई, तेरावा म्हंजे मेल्या मानसाचा दिवस असते वं. नव्या घराले कशाले?" माय म्हणाली, "तेराव्याच्या पंगतीत तू बुंदीचे लाडू खातेस का नाही खात?" "खातो ना वं." "मंग माह्या स्लॅबचे बी खाय."

पंधरा दिवसांत टिनं उतरली. टिनं काढलेल्या घरात मी आठवडाभर झोपले नाही तरी चाललं असतं, इतकी मी आनंदात होते. आत सगळीकडं ऊन. बाबांच्या सळयांवरच्या बाटल्या काढल्या, गंज खरवडला, नव्या सळया बांधल्या. खालून फळ्या ठोकणारा सेंट्रिंगवाला म्हणाला, ताई, एवढ्या लहान स्लॅबला तुम्ही चार-चार वेळा लेव्हल काय बघता? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. एकोणसाठ वेळा मी दुसऱ्यांसाठी बघितली होती. मिक्सरवाला म्हणाला, लिफ्ट लावू, दोन तासांत माल वर. मायनं त्याला गप्प केलं. मिक्सर चालेल, लिफ्ट नाही. माल हातानं चढणार. आणि सकाळी सात वाजता गल्लीतल्या बाया आल्या, कोणी बोलावलं नव्हतं तरी आल्या, नऊवारी खोचून, डोक्यावर चुंबळ घेऊन, ज्यांच्या ज्यांच्या घरावर मायनं कधी माल वाहिला होता त्या. तानुबाई शिडीच्या खालच्या पायरीला. पहिलं घमेलं मायनं उचललं. एकसष्ट वर्षांची बाई, मी नको नको म्हणतेय, तोवर ती शिडीवर. मी वरून हात खाली केला. घमेलं माझ्या हातात आलं, गार, ओलं, जड, आणि त्याच्याखाली तिचे हात. दोघींनी एक क्षण धरलं. मी सवयीनं मालात बोटं घालून चोळली. माय खालून ओरडली, "कसा हाये?" मी म्हटलं, "झकास हाये, माय! भरपूर सिमेट हाये!" अख्खी साखळी हसली.

दुपारी गोवऱ्यांवर रोडगे भाजले, तानुबाईंच्या वांग्यांची भाजी, वरण, आणि बुंदीचे लाडू. तानुबाईंनी चार खाल्ले, मी मोजले. जेवताना मायनं उठून दारामागं साठावी रेघ मारली आणि मग फडक्यानं सगळ्याच पुसून टाकल्या. मी म्हटलं, अगं ठेवायच्या होत्या. "काम झालं. आता काय पाह्यत बसायचं तिथी?" पाटी तिनं जिन्याच्या तोंडाशी लावायला लावली. जिना अजून नव्हताच, नुसती शिडी होती. तरी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब कडक झाला होता. त्यावर मातीचे बांध घालून पाणी भरायचं असतं, दोन-तीन आठवडे, म्हणजे स्लॅब पक्का होतो. मी उठले तर माय घरात नाही. शिडी चढून वर गेले. ती पाण्यात उभी होती, घोट्याएवढ्या, साडी पोटरीपर्यंत धरून, एका हातात पाण्याचा पाइप. त्या पाण्यात अख्खं आभाळ उतरलं होतं. तिकडं धान्यबाजाराची पत्र्याची छपरं, बस स्टँड, दूरवर कपाशीची शेतं. माझ्या घरावरून मला हे सगळं दिसतं, हे मला चौतीस वर्षं माहीत नव्हतं. मीही चपला काढून पाण्यात उतरले. गार लागलं. शंभर-दोनशे मीटर उंचीवर दोन वर्षं काढली, पण उंच आल्यासारखं मला त्या सकाळी वाटलं, जमिनीपासून अकरा फुटांवर.

खाली गल्लीतून तानुबाई टोपली घेऊन चालल्या होत्या. दार उघडं, घरात कोणी नाही. त्यांनी हाक मारली, "भिमाबाई! अवो भिमाबाई! कुठी हायेस वं?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. मग स्लॅबच्या कडेशी गेली, पाइप बाजूला धरला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "तेराव्या माळ्यावर!"